‘नो बफर स्पेस अव्हेलेबल’: लोड टेस्टमध्ये पॅकेट पाठवतानाच गाडी अडते तेव्हा

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसतो. विजयनगर, सुपर कॉरिडॉर, पलासिया अशा ठिकाणी टेस्टिंगची कामं करणारी मुलंमुली येतात, पोहे-जिलबी होते आणि मग लॅपटॉप उघडतात. गेल्या काही महिन्यांत जवळजवळ दर रविवारी कुणी ना कुणी लोड टेस्टमध्ये, म्हणजे मुद्दाम खूप ट्रॅफिक ओतून घेतलेल्या चाचणीत, येणारा हा ‘नो बफर स्पेस अव्हेलेबल’ एरर घेऊन आलं, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. वेगळं म्हटलेलं नसेल तिथे सगळं लिनक्सबद्दल आहे.

दादा, मशीनमध्ये १६ जीबी रॅम आहे, त्यातली १२ मोकळी आहे. मग बफरला जागा नाही असं का म्हणतं?

कारण ही तक्रार रॅमबद्दल नाहीच. तुमच्या प्रोग्रॅमने ‘सेंड’ म्हटल्यापासून पॅकेट तारेवर पडेपर्यंत वाटेत तीन थांबे असतात. पहिला सॉकेटचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेटवर्ककडे उघडणाऱ्या दाराचा, सेंड बफर, दुसरा कर्नलमधली इंटरफेसची रांग, म्हणजे क्यूडिस्क, आणि तिसरी नेटवर्क कार्डाची रिंग, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांची कार्डाची स्वतःची छोटी यादी. तिन्ही ठिकाणी जागा ठरवून दिलेली आहे आणि ती मुद्दामच लहान ठेवलेली आहे.

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे मिलच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) निघतात तेव्हा काय होतं ते आठवा. पुढची झांकी चौकातून हलली नाही, की मागच्या आपापल्या जागी उभ्या राहतात. शहरात मोकळी मैदानं कितीही असोत, त्या रस्त्यावर एका वेळी मावतात तेवढ्याच मावतात. इथेही तसंच आहे. प्रोग्रॅम भरतोय भराभर, तारेवरून निघतंय सावकाश आणि मधली रांग तुंबली आहे, एवढंच हा एरर सांगतो.

लिनक्सवर या एररचा नंबर १०५, मॅक आणि फ्रीबीएसडीवर ५५, विंडोजवर १००५५. प्रोग्रॅमरच्या भाषेत नाव ईनोबफ्स. नाव सगळीकडे तेच असलं तरी कारणं मात्र बरीच वेगळी निघतात, ती पुढे येतील.

म्हणजे ज्या सर्व्हरची चाचणी घेतोय तो कमी पडला, असंच ना?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पॅकेट तुमच्या मशीनमधून बाहेरच पडलेलं नाही. समोरच्या सर्व्हरला, फायरवॉलला किंवा राउटरला त्याचा पत्ताही नाही. चूक पाठवणाऱ्याच्या घरात आहे आणि तिचं खापर दुसऱ्यावर फोडलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्यातल्या एकामुळे चांगली फायरवॉल बदलायची वेळ आली होती.

पण मला एरर येतच नाही. प्रोग्रॅम म्हणतो सगळी पॅकेटं गेली आणि समोर अर्धीच पोचतात.

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात, पण सगळ्यात जास्त विचारायला हवा. जरा सविस्तर सांगतो.

लिनक्सवर साध्या यूडीपी (पोच न घेता पॅकेट सोडून देणारी पद्धत) सॉकेटमधून पाठवताना इंटरफेसची रांग भरलेली असेल, तर कर्नल पॅकेट टाकून देतो आणि प्रोग्रॅमला मात्र ‘झालं’ असं कळवतो. एरर हवा असेल तर सॉकेटवर ‘आयपी_रेकव्हएरर’ हा पर्याय चालू करावा लागतो. तो नसेल तर पडलेलं पॅकेट फक्त एका काउंटरमध्ये नोंदलं जातं: यूडीपीच्या आकडेवारीतला ‘एसएनडीबफएरर्स’. ‘एनस्टॅट -एझेड’ चालवलंत की तो दिसतो. थेट इथरनेट फ्रेम सोडणाऱ्या पॅकेट सॉकेटचं तसं नाही. तिथे एरर सरळ हातात येतो, म्हणून टीसीपीरिप्लेसारखं, रेकॉर्ड केलेलं ट्रॅफिक पुन्हा सोडणारं टूल शेवटी ‘ईनोबफ्समुळे पुन्हा पाठवलेली पॅकेटं’ असा आकडा छापतं.

आता एक घडलेली गोष्ट. एका ग्राहकाच्या सर्व्हर रूममध्ये आमचा एक मुलगा फायरवॉलची चाचणी घेत होता. १५१८ बाइटच्या फ्रेम, सेकंदाला २०,००० असा वेग मागितलेला. टूल म्हणत होतं २०,००० गेल्या. पलीकडे सेकंदाला ८,१०० च्या आसपास पोचत होत्या. फायरवॉल निम्म्याहून जास्त पॅकेटं खाते, असा निष्कर्ष लिहूनही झाला होता. मला तो ८,१०० चा आकडा खटकला, कारण मोठ्या फ्रेमसाठी १०० एमबीपीएस लाइनची कमाल सेकंदाला ८,१२७ येते. आणि ही तर गिगाबिटची लाइन होती.

खाली वाकून केबल पाहिली. आरजे-४५ची क्लिप तुटलेली, कनेक्टर किंचित तिरका बसलेला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एका जोडीचा संपर्क गेला होता, कार्ड गुपचूप १०० वर उतरलं होतं आणि दिवा मात्र हिरवाच होता. केबल बदलली, २०,००० च्या २०,००० पोचल्या.

मग एकही एरर का दिसला नाही? कारण त्याने आधीच कुठेतरी वाचून सॉकेटचा बफर कितीतरी पट वाढवून ठेवला होता. तो मूळचा असता तर प्रोग्रॅम स्वतःच अडला असता आणि टूलने ८,१२७ च्या जवळपासचा खरा वेग दाखवला असता. हे असं का, ते पुढच्या उत्तरात.

मग बफर वाढवायचा नाही का? सगळीकडे तर पहिला उपाय तोच सांगतात.

आधी हिशोब पाहू. बहुतेक लिनक्सवर सॉकेटच्या सेंड बफरची मूळ मर्यादा २,१२,९९२ बाइट असते. पण कर्नल या हिशोबात फक्त तुमचा डेटा धरत नाही, पॅकेटभोवतीची स्वतःची बांधणीही धरतो. त्यामुळे अगदी लहान पॅकेटचंही साधारण पाऊण केबी होतं. म्हणजे एका सॉकेटची एका वेळी तीनशेपेक्षा कमीच पॅकेटं वाटेत असू शकतात. इंटरफेसची जुन्या पद्धतीची रांग १००० पॅकेटांची असते. तीनशे पॅकेटं हजाराची रांग भरू शकत नाहीत. त्याआधीच सॉकेट भरतो, ‘सेंड’ थांबून राहतं आणि प्रोग्रॅम आपोआप लाइनच्या वेगाला येतो. नॉन-ब्लॉकिंग सॉकेट असेल तर ‘ईअगेन’ मिळतं, म्हणजे जरा वेळाने या.

हा लहान बफर म्हणजे तुमचा ब्रेक आहे. तो दहापट केलात की थांबणं संपतं आणि ओझं पुढच्या रांगेवर जातं. ती भरली की पॅकेटं पडतात, आणि यूडीपीवर तर मुकाट पडतात. आठ-दहा थ्रेड लावून प्रत्येकाला वेगळा सॉकेट दिलात तरी तेच होतं, कारण तीनशे गुणिले दहा म्हणजे तीन हजार.

रांग वाढवून काय साधतं तेही मोजून बघा. लाइन सेकंदाला ८१,००० मोठ्या फ्रेम काढते आणि तुम्ही १,००,००० ओतताय. दर सेकंदाला १९,००० जादा साठतात. १००० ची रांग सुमारे ५३ मिलिसेकंदांत भरते. १०,००० ची केलीत तर अर्ध्या सेकंदात भरते. चाचणी दहा मिनिटांची असेल तर या अर्ध्या सेकंदाने काय मिळवलं? उलट प्रत्येक पॅकेटला रांगेतला उशीर चिकटला आणि लेटन्सीचे (पॅकेट पोचायला लागणाऱ्या वेळेचे) आकडे बिघडले.

बफर वाढवणं योग्य ठरतं ते झटक्यासाठी. सरासरी वेग लाइनच्या आत आहे, पण ट्रॅफिक लोंढ्यालोंढ्याने येतं, अशा वेळी जरूर वाढवा. तेव्हा ‘डब्ल्यूमेम_मॅक्स’, म्हणजे सेंड बफरची कमाल मर्यादा, आधी वाढवावा लागतो, नाहीतर प्रोग्रॅमने मागितलेला आकडा त्या मर्यादेवर कापला जातो. आणि कर्नल मागितलेल्याच्या दुप्पट आकडा परत दाखवतो, ती चूक नाही.

लाइनची खरी कमाल कशी काढायची?

फ्रेमच्या आकारात २० बाइट मिळवा. ८ बाइट सुरुवातीची खूण आणि १२ बाइट दोन फ्रेममधलं अंतर, हे तारेवर जातंच. ६४ बाइटची फ्रेम तारेवर ८४ बाइटची, म्हणजे ६७२ बिट. १ जीबीपीएसला भागा: सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम. १५१८ बाइटच्या फ्रेमला ८१,२७४. १० जीबीपीएसवर लहान फ्रेमसाठी दर फ्रेममागे ६७.२ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्या वेळात साध्या सॉकेटचा एक सिस्टीम कॉलसुद्धा उरकत नाही, म्हणून तिथे वेगळी साधनं लागतात.

हे दोन-तीन आकडे तोंडपाठ ठेवा. केबलची ती गोष्ट आकडा ओळखीचा वाटला म्हणूनच सापडली.

तपासायला सुरुवात कुठून करू?

तारेपासून. सगळे सॉकेटपासून सुरू करतात आणि तासभर घालवतात. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या ‘ईथटूल’ला इंटरफेसचं नाव द्या आणि ‘स्पीड’, ‘डुप्लेक्स’ वाचा. मग ‘टीसी -एस क्यूडिस्क’ बघा. तिथला ‘ड्रॉप्ड’ वाढत असेल तर रांग तुंबते आहे, ‘रीक्यूज’ वाढत असेल तर कार्डाची रिंग वरचेवर भरते आहे. त्यानंतर ‘आयपी -एस लिंक’ आणि ‘ईथटूल -एस’ (इथे एस कॅपिटल) मधले कार्डाचे काउंटर. शेवटी ‘एसएस -एम’. त्यात कंसात ‘टीबी’ म्हणजे सॉकेटची मर्यादा आणि ‘टी’ म्हणजे सध्या वाटेत असलेला माल. प्रत्येक आकडा चाचणीच्या आधी आणि नंतर घ्या, फरकच बोलतो.

एक सूचना. आजकालच्या बऱ्याच सिस्टीमवर मूळची रांग ‘एफक्यू_कोडेल’ असते. तिची मर्यादा १०,२४० पॅकेटांची आहे, पण पॅकेट रांगेत फार वेळ रेंगाळलं तर ती आधीच, रांगेच्या पुढच्या टोकाकडून, टाकून देते. त्या क्षणी पाठवणारा प्रोग्रॅम पुढे गेलेला असतो, त्यामुळे त्याला काहीही कळत नाही. लोड टेस्टच्या मशीनवर ती बदलून साधी ‘पीफायफो’ किंवा ‘एफक्यू’ लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

टीसीपीडंपमध्ये पॅकेट दिसलं म्हणजे बाहेर गेलंच ना?

क्यूडिस्कमधून बाहेर आलं एवढं नक्की. पॅकेटं टिपून दाखवणारा टीसीपीडंप रांगेच्या पुढे आणि ड्रायव्हरच्या आधी बसतो. रांगेत पडलेलं पॅकेट त्यात दिसत नाही, ड्रायव्हर किंवा कार्डात पडलेलं मात्र दिसून जातं. उलटंही होतं: ‘पॅकेट_क्यूडिस्क_बायपास’ वापरून सोडलेली पॅकेटं त्याला दिसतच नाहीत, पण ती खरोखर गेलेली असतात. भरवसा ठेवायचा तर कार्डाच्या काउंटरवर, आणि त्याहून चांगलं म्हणजे समोरच्या स्विचच्या पोर्टवरच्या काउंटरवर.

वेग आवरायचा कसा? प्रत्येक पॅकेटनंतर थोडं झोपवलं तर चालेल?

नाही चालणार. लिनक्समध्ये झोपेच्या वेळेत मुळातच साधारण ५० मायक्रोसेकंदांची सूट असते. सेकंदाला १ लाख पॅकेटं म्हणजे दर १० मायक्रोसेकंदाला एक. तुम्ही १० म्हणाल, प्रोग्रॅम ६० नंतर उठेल आणि वेग १६-१७ हजारांवर येऊन बसेल.

त्याऐवजी घोटाघोटाने पाठवा. दर मिलिसेकंदाला १०० पॅकेटं सोडायची, घड्याळ बघायचं, उशीर झाला असेल तर पुढच्या खेपेत भरून काढायचा, पण भरून काढण्यालाही मर्यादा घालायची. नाहीतर एकदा मागे पडलात की हजारभर पॅकेटांचा लोंढा सुटतो आणि एरर पुन्हा दारात. याहून सोपं हवं असेल तर ‘एफक्यू’ रांग लावून सॉकेटला ‘एसओ_मॅक्स_पेसिंग_रेट’ द्या, अंतर कर्नल सांभाळतो. तयार टूल असेल तर त्याचा पर्याय वापरा: टीसीपीरिप्लेला ‘पीपीएस’ किंवा ‘एमबीपीएस’, लाइनचा वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ला ‘-बी’. आयपर्फ३ यूडीपीवर काही न सांगता फक्त १ एमबीपीएसने चालतो, हे माहीत नसल्याने लोक उलट्या दिशेने फसतात.

एरर आलाच, तर तेच पॅकेट थोड्या वेळाने पुन्हा पाठवा आणि किती वेळा पुन्हा पाठवलं ते मोजा. एरर गिळून पुढचं पॅकेट घेऊ नका. चाचणीत क्रमांक तुटला की पलीकडचा माणूस त्याला नेटवर्कवरचा लॉस समजतो.

साधं पिंग केलं तरी हाच एरर येतो. लोड तर काहीच नाही!

तुमची चाचणी एकाच स्थानिक नेटवर्कमधल्या हजारो पत्त्यांवर चालली आहे का? मग हे बफरचं दुखणं नाही, शेजाऱ्यांच्या वहीचं आहे. त्याच नेटवर्कमधल्या प्रत्येक आयपीसाठी कर्नल एआरपीच्या (आयपीवरून कार्डाचा पत्ता शोधण्याच्या) टेबलात एक नोंद ठेवतो. वरची मर्यादा ‘जीसी_थ्रेश३’, मूळ किंमत १०२४. ‘/२०’ नेटवर्कमध्ये ४,०९४ पत्ते असतात. जे पत्ते अस्तित्वातच नाहीत त्यांच्याही अर्धवट नोंदी उत्तराची वाट बघत जागा अडवतात. टेबल भरलं की नवीन नोंद होत नाही आणि पॅकेट सोडताच येत नाही. कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे कधी ‘नो बफर स्पेस’, कधी ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येतं.

ओळखायची खूण कर्नलच्या नोंदींत, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, सापडते: ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’. तीन ‘जीसी_थ्रेश’ किंमती आहेत, १२८, ५१२ आणि १०२४. तिन्ही प्रमाणात वाढवा. मला मात्र दुसरा उपाय जास्त आवडतो. ते पत्ते एका राउटरच्या पलीकडे ठेवा आणि तिकडे रूट लावा. मग शेजारी एकच, राउटर.

दर थोड्या वेळाने सगळं थबकतं आणि पुन्हा सुरळीत होतं. लाइन तर पूर्ण भरलेलीही नाही.

स्विच तुम्हाला थांबवतो आहे का ते पाहा. फ्लो कंट्रोल चालू असेल तर पुढचा स्विच भरल्यावर ‘पॉज’ फ्रेम पाठवतो आणि तुमचं कार्ड आज्ञाधारकपणे गप्प बसतं. १ जीबीपीएसवर एक पॉज फ्रेम जास्तीत जास्त सुमारे ३३.५ मिलिसेकंद थांबवू शकते. तेवढ्यात मागची रांग भरून वाहते. ‘ईथटूल -ए’ने सेटिंग कळतं, ‘ईथटूल -एस’ मध्ये ‘पॉज’ किंवा ‘एक्सऑफ’ नावाचे काउंटर शोधा. तात्पुरतं बंद करून चाचणी पुन्हा घ्या, पण ती नोंद ठेवा, कारण आता जे थांबत होतं ते स्विचमध्ये पडणार आहे.

मॅकबुकवरून चाचणी घेतली तर?

मॅक आणि फ्रीबीएसडी इंटरफेसची रांग भरल्यावर यूडीपीला थांबवत नाहीत, सरळ ईनोबफ्स देतात. ‘पोल’ किंवा ‘सिलेक्ट’ने वाट बघूनही उपयोग होत नाही, कारण सॉकेट लिहायला मोकळाच दिसतो. वेग स्वतः आवरावा लागतो. शिवाय यूडीपीचा एक डेटाग्राम मूळ सेटिंगमध्ये ९,२१६ बाइटपेक्षा मोठा चालत नाही, तिथे ‘मेसेज टू लाँग’ येतं. ती वेगळी तक्रार आहे. फ्रीबीएसडीवर ‘नेटस्टॅट -एम’ मध्ये नाकारलेल्या एमबफच्या (कर्नलच्या नेटवर्क बफरच्या) विनंत्या शून्य आहेत ना, तेवढं बघा.

विंडोजवर १००५५ येतो आणि तोही टीसीपीवर.

बहुतेक वेळा पोर्ट संपलेले असतात. विंडोज बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी ४९१५२ ते ६५५३५ एवढे, म्हणजे १६,३८४ पोर्ट ठेवतं. दर विनंतीला नवीन कनेक्शन उघडणारी लोड टेस्ट ते बघता बघता संपवते. ‘नेटश’ने पल्ला वाढवता येतो. कनेक्शन पुन्हा वापरणं हा खरा उपाय.

लिनक्सवर तसंच झालं तर?

तिथे ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ येतं, नंबर ९९. मूळ पल्ला ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. बंद झालेलं कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेटमध्ये, म्हणजे पोर्ट अडवून, राहतं. भागाकार करा: एका आयपीवरून एकाच सर्व्हरच्या एका पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० नवीन कनेक्शन, त्यापुढे नाही. कीप-अलाइव्ह (तेच कनेक्शन पुन्हा वापरणं) लावा किंवा पाठवणाऱ्या मशीनला आणखी आयपी द्या. ‘टीडब्ल्यू_रिसायकल’ सांगणारे जुने सल्ले सोडून द्या, ते सेटिंग कर्नल ४.१२ मध्येच काढून टाकलं आहे.

व्हर्च्युअल मशीन, वाय-फाय, यूएसबीचं लॅन अडॅप्टर?

शिकायला चालेल. आकडा रिपोर्टात जाणार असेल तर नको.

वेग खरंच जास्त हवा आहे. साधे सॉकेट पुरत नाहीत.

पायऱ्यापायऱ्याने चढा. आधी ‘सेंडएममेसेज’, एका कॉलमध्ये अनेक पॅकेटं. मग यूडीपी जीएसओ, म्हणजे एक मोठा तुकडा देऊन पुढे त्याची पॅकेटं करून घेणं, कर्नल ४.१८ पासून. एकसारखी पॅकेटंच ओतायची असतील तर कर्नलमधलं पॅकेटं बनवणारं पीकेटीजेन उत्तम आणि फुकट. रेकॉर्ड केलेलं ट्रॅफिक असेल तर टीसीपीरिप्लेला फाइल आधी मेमरीत घ्यायला सांगा, नाहीतर डिस्कच आड येते. कर्नलची नेहमीची वाट टाळून कार्डाशी बोलणारा नेटमॅप हा त्याचा पुढचा टप्पा. १० जीबीपीएस लहान फ्रेमनी भरायचे असतील तर डीपीडीके किंवा त्यावर उभं असलेलं टीरेक्स. तिथे कर्नलची रांगच वाटेत नसते, पण कार्डाची रिंग असतेच. ती भरली की पाठवायला दिलेल्या २५ पैकी १९ घेतली असं उत्तर येतं, आणि उरलेली सहा पुन्हा द्यायची जबाबदारी तुमच्या कोडची.

रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहू?

चार आकडे शेजारी शेजारी: मागितलेला वेग, प्रोग्रॅमने पाठवला म्हटलेला, कार्डाच्या काउंटरवरून बाहेर पडलेला आणि पलीकडे पोचलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक असेल तर चाचणी बाद धरा आणि पुन्हा घ्या. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक, तेवढाच सर्व्हरच्या किंवा नेटवर्कच्या नावावर. त्याखाली लिंकचा वेग, क्यूडिस्कचं नाव, सॉकेट बफरचा आकडा, पॉज चालू की बंद आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांची संख्या. आमच्याकडची मुलं आता केबलचा नंबरही लिहितात. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर टाकला आहे, आणि क्लिप तुटलेली केबल खोक्यात परत जात नाही, कात्रीने कापून टाकली जाते.